पीटी १०० आरटीडी ८ महिने वापरून: सेन्सर झकास, घोळ सगळा वायरिंगचा

जॅकेटवाल्या (बाहेरच्या कवचातल्या वाफेने तापणाऱ्या) टाकीवरचा के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडाचा तापमान सेन्सर) काढून पीटी १०० आरटीडी, म्हणजे प्लॅटिनमच्या रेझिस्टन्सवरून तापमान मोजणारा सेन्सर, लावला त्याला आता ८ महिने झाले. टाकी ८० डिग्रीला चालते, तिथे क्लास ए (अचूकतेचा वर्ग) चा टॉलरन्स, म्हणजे चालणारी चूक, साधारण ०.३ डिग्री, म्हणून हौसेने घेतला आणि पहिल्याच दिवशी कंट्रोलर ८६ दाखवतोय, हातातला रेफरन्स थर्मामीटर म्हणतो ८०. सगळ्यांनी सेन्सरला शिव्या घातल्या, मी पण.

चूक माझीच निघाली. सेन्सर तीन वायरचा, पण केबलच्या ट्रेमध्ये तांब्याची एकच जोडी रिकामी होती म्हणून मी दोनच तारा नेल्या आणि तिसरीच्या जागी कंट्रोलरला जंपर (छोटी जोडतार) मारला. प्लॅटिनमचा रेझिस्टन्स ० डिग्रीला १०० ओहम, १०० डिग्रीला १३८.५, म्हणजे डिग्रीमागे जेमतेम ०.३८५ ओहम वाढतो, आणि अर्ध्या स्क्वेअर मिलिमीटरची केबल ३० मीटर जाऊन परत येते तिचाच सव्वादोन ओहम झाला, कंट्रोलरला काय कळतंय त्यातलं काय तापमान आणि काय तार, त्याने सगळंच डिग्रीत धरलं. सारख्या जाडीची तीन कोरची केबल टाकली, फरक गेला. तीन वायरमध्ये कंट्रोलर तारेचा रेझिस्टन्स वजा करतो, पण तारा सारख्या असतील तरच. एका टर्मिनलचा स्क्रू ढिला राहिला तरी रीडिंग हलतं, हेही बघून झालंय.

पाचव्या महिन्यातला प्रकार जास्त वाईट होता. रीडिंग हळूहळू खाली यायला लागलं, स्टीम व्हॉल्व्ह उघडत चालला आणि टाकी प्रत्यक्षात जास्तच तापत होती. सेन्सरचं हेड (वरची जोडणीची डबी) उघडलं तर आत पाणी! धुलाईच्या वेळी ढिल्या ग्लँडमधून (केबल आत जाते तिथला आवळायचा तुकडा) शिरलेलं. ओलीमुळे टर्मिनलमधून करंटला आडवाट मिळते, रेझिस्टन्स कमी दिसतो, कंट्रोलर समजतो गार आहे. तार तुटली असती तर परवडलं असतं, निदान अलार्म तरी वाजला असता. सुकवलं, ग्लँड आवळला, पुन्हा जागेवर.

आता शंका आली की तारा सोडवून मल्टिमीटर लावतो. दोन्ही लाल तारा सेन्सरच्या एकाच टोकाच्या, पांढरी दुसऱ्या टोकाची, म्हणून दोन लाल तारांमध्ये नुसता तारेचा रेझिस्टन्स येतो, लाल-पांढऱ्यातून तो वजा केला की सेन्सरचा उरतो, २५ डिग्रीला १०९.७ ओहम यायला पाहिजे. दोन मिनिटांचं काम.

तक्रार एकच, थर्मोवेलमध्ये (टाकीत बसवलेली बंद टोकाची नळी, सेन्सर तिच्यात जातो) सुस्त आहे. प्रोबचं टोक तळाला टेकत नव्हतं, मधल्या हवेमुळे उष्णता उशिरा पोचायची आणि तोवर टाकी सेटपॉइंटच्या (ठरवलेल्या तापमानाच्या) पुढे गेलेली. स्प्रिंगवाला प्रोब घातल्यावर बराच सुधारला.

भट्टीवर मात्र थर्मोकपलच ठेवलाय, तिथे ९०० डिग्री असतात, हा तिथे टिकणार नाही. दुसऱ्या टाकीला पीटी १०० च मागवलाय, ह्या वेळी हेडमध्येच ट्रान्समीटर (रेझिस्टन्सचा करंट सिग्नल करणारा) बसवून ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल आणणार, म्हणजे तीच रिकामी जोडी पुरेल.