आठ महिने व्हीपीएन वापरल्यावर: सगळं ठीक, पण किल स्विच आधी बघा

आठ महिने झाले पैसे भरून व्हीपीएन (आपलं सगळं इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरमधून झाकून नेणारं ॲप) वापरतेय, दोन वर्षांचे एकदम भरले कारण महिन्याच्या हिशोबाने स्वस्त पडत होतं. तक्रार अजून चालू आहे म्हणून कंपनीचं नाव देत नाही.

झालं असं, बाहेर फुकटच्या वाय-फायवर बसून ऑफिसची फाईल अपलोड करत होते. ॲपमध्ये हिरवं 'कनेक्टेड'. शेजारच्या टॅबमध्ये आयपी (इंटरनेटवरचा आपला पत्ता) दाखवणारं पान उघडं होतं, ते रिफ्रेश केलं तर त्या वाय-फायचाच आयपी! परत रिफ्रेश केलं तर व्हीपीएनचा. म्हणजे मधेच कनेक्शन तुटलं, परत जोडलं गेलं, आणि तेवढ्या वेळात सगळं व्हीपीएनच्या बाहेरून गेलं, ॲपने साधं नोटिफिकेशन पण दिलं नाही. फाईल एचटीटीपीएसवरून (मजकूर सांकेतिक करून पाठवणाऱ्या जोडणीवरून) जात होती त्यामुळे आतलं कुणाला वाचता आलं नसणार, ते मान्य. पण मी कुठल्या साईटशी बोलतेय हे झाकायलाच तर पैसे मोजले होते ना?

घरी येऊन मुद्दाम तपासलं. फोनचं वाय-फाय बंद करायचं, मोबाईल डेटावर जाऊ द्यायचं आणि पान रिफ्रेश करत राहायचं. दहापैकी सहा वेळा तीन-चार सेकंद खरा आयपी दिसला. सेटिंगमध्ये खोल जाऊन बघितलं तर किल स्विच, म्हणजे व्हीपीएन तुटलं की नेटच अडवणारं बटण, मुळातच बंद! ज्या एका गोष्टीसाठी हे ॲप घ्यायचं तीच बंद ठेवून देतात, याचा मला अजूनही राग येतो. कंपनीच्या मदतीच्या चॅटवर तिघांनी 'ॲप काढून परत टाका' एवढंच सांगितलं.

हे इथपर्यंत दोन आठवड्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं, आता मत थोडं बदललंय. चौथ्या माणसाने नीट सांगितलं की ॲपमधला किल स्विच सोडा, अँड्रॉइडच्याच सेटिंगमध्ये 'ऑलवेज-ऑन व्हीपीएन' आणि त्याखाली व्हीपीएनशिवायचं कनेक्शन अडवायचं बटण आहे, दोन्ही चालू करा. केलं, वीस वेळा तपासलं, एकदाही खरा आयपी दिसला नाही. खूप बरं वाटलं.

पण दुसऱ्याच दिवशी बँकेचं ॲप बंद. ते व्हीपीएनवर चालत नाही म्हणून मी त्याला स्प्लिट टनेलिंगमध्ये (काही ॲप व्हीपीएनमधून वगळायची सोय) बाहेर ठेवलं होतं, आणि ते अडवायचं बटण चालू असलं की बाहेर ठेवलेल्या ॲपला नेटच मिळत नाही. आता पैसे पाठवायचे तर आधी बटण बंद करा, मग परत चालू करा. लॅपटॉपवर वेगळीच कटकट, किल स्विच लावला की वाय-फायचं लॉगिनचं पान उघडत नाही.

स्पीडचं फार रडगाणं नाही. ॲपमध्ये जोडणीची पद्धत (प्रोटोकॉल) निवडता येते; आधी ओपनव्हीपीएनवर होते तेव्हा व्हिडिओ कॉल अडकायचे, वायरगार्ड निवडल्यावर फरक लगेच जाणवला. वायरगार्ड 2020 मध्ये लिनक्सच्या 5.6 कर्नलमध्येच (सिस्टीमच्या गाभ्यातच) आलं, कोड साधारण 4000 ओळींचा, म्हणून तपासायलाही सोपं. फक्त सर्व्हर जवळचा घ्या. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे 10,000 किलोमीटरवरच्या सर्व्हरला नुसत्या जाण्यायेण्यात 100 मिलिसेकंद लागणारच, कुठलीही कंपनी ते कमी करू शकत नाही. एकाच आयपीवरून शेकडो लोक येतात म्हणून कॅप्चा ('मी रोबोट नाही' वाल्या चाचण्या) मात्र सारखे येतात.

आणि घेताना मला वाटलं होतं की आता मला कुणी ओळखणार नाही, ते चूकच. ईमेलला लॉगिन असलात की त्या कंपनीला तुम्ही कोण ते माहीतच असतं, कुकीज आणि ब्राउझरच्या खुणा तशाच राहतात. आधी इंटरनेट कंपनीला जे दिसायचं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं, एवढाच बदल. म्हणून फुकटचं व्हीपीएन मी तरी घेणार नाही, कुणाच्या तरी हातात सगळं द्यायचंच आहे तर त्याचा धंदा कशावर चालतो ते कळलं पाहिजे.

घरी मी आता बंदच ठेवते, बाहेरच्या वाय-फायवर न चुकता लावते. ऑटो-रिन्यूअल काढून टाकलंय. आणि परवा लॅपटॉपच्या ॲपचं अपडेट आलं, सवयीने सेटिंग उघडून बघितलं तर किल स्विच परत बंद झालेला, तोच स्क्रीनशॉट काढून तक्रारीत जोडलाय.