एम-चॅटचा मराठी फॉर्म: प्रश्न चांगले, मराठी जरा सांभाळून

मी यवतमाळकडच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका. मागे एका शिबिरात एम-चॅट-आरचा, म्हणजे लेकरात ऑटिझमची (स्वमग्नतेची) शंका आहे का ते चाचपायचा, मराठी फॉर्म मिळाला, भाषांतर कोणाचं ते छापलेलं नाही. 16 ते 30 महिन्यांच्या लेकरांसाठी 20 प्रश्न, आईला विचारायचे, हो की नाही एवढंच. वाटलं पटकन होईल, पण पहिल्याच आईला पाऊण तास गेला.

प्रश्न 12, व्हॅक्यूम क्लिनरच्या आवाजानं लेकरू बिथरते का. ती म्हणे, "ताई, आमचा मिक्सर बी बंद पडला हाय." भाषांतर परत इंग्रजीत करून तपासतात म्हणे, पण त्यात हे कसं सापडणार, व्हॅक्यूम क्लिनर परत व्हॅक्यूम क्लिनरच होतो ना!

खरा घोळ 6 अन् 7 मध्ये. 6 म्हणजे काही पाहिजे म्हणून बोट दाखवणं, 7 म्हणजे काही नको, फक्त 'आई बघ' म्हणून दाखवणं. फॉर्मात दोन्हीकडं 'बोट दाखवतो का', झालं. "आत्ताच त सांगतलं ना बाप्पा," म्हणून तिनं दोन्हीला हो म्हटलं. मग मी विचारलं, रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तर तुला दाखवते का, तुझ्याकडं पाहते का? ती थांबली. "नाही. तो चाकंच पाहत रायते."

पुढं 14, 'डोळ्यात डोळे घालून बघतो का'. आमच्याकडं हे उद्धट पोराला म्हणतात, त्यामुळं आजीनं मधेच ठणकावलं, "नाही, गुणी हाय आमचं!" गुण म्हणजे शंकेचे, जितके जास्त तितकी शंका जास्त. म्हणजे इथं एक गुण उगाच वाढला, तिकडं 7 मध्ये एक लपला, बेरीज तीच, कोणाला पत्ताच नाही.

खोटं खोटं खेळण्यात बाहुलीला भरवायचं उदाहरण आहे, पण तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीला चारा टाकतो का विचारलं की आया धडाधडा बोलतात. पण आपल्या मनानं प्रश्न बदलून गुण मोजू नका हं. डीईआयसीच्या (लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासायचं जिल्ह्याचं केंद्र) मॅडमनी सांगितलं, काय उदाहरण दिलं ते बाजूला लिहून ठेवा. त्या चाकं पाहणाऱ्या पोराची चिठ्ठी मी तशीच लिहून तिकडं पाठवली.

गुण 3 ते 7 आले तर फॉलो-अपचे प्रश्न विचारायचे असतात, ट्रॅक्टर-नंदीची खरी जागा तीच, कारण तिथं आईला उदाहरण सांगू देतात. आमच्या गठ्ठ्यात ती पानंच नव्हती! पाचपैकी तीन स्टार, पानं असती तर चार दिले असते.