वर्षाचा तांदूळ शिवारातून भरावा की महिन्याचा दुकानातून?

दिवाळी सरली, भातकापणी आटोपत आली, की बेळगावात घरोघरी एकच विषय निघतो: यंदा तांदूळ कुठनं भरायचा? नवीन बिऱ्हाड थाटलेल्या माझ्या भाचीनेही तेच विचारलं. तिला जे सांगितलं तेच इथे थोडं सविस्तर लिहिते.

आधी नावाचा घोळ सोडवू. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात पिकतो त्या सुवासिक तांदळाला आपण पिढ्यान्‌पिढ्या बासमतीच म्हणतो. पण 2016 साली बासमतीला भौगोलिक मानांकन मिळालं ते पंजाब, हरियाणापासून उत्तराखंडापर्यंतच्या उत्तरेकडच्या पट्ट्यासाठी. कर्नाटक त्यात नाही. म्हणजे दुकानातल्या चकचकीत पिशवीतला बासमती आणि आपला बासमती, नाव एक असलं तरी माल वेगळा. आपल्या वाणाचा उतारा कमी आणि ताटं वाऱ्यापावसात आडवी पडतात, म्हणून कितीतरी शेतकरी इंद्रायणी, इंटान या वाणांकडे वळले. (इंद्रायणी हा आंबेमोहोर आणि आयआर-8 या वाणांचा संकर, पुणे जिल्ह्यातल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला.) सुवासिक म्हणून सुटा तांदूळ कोणी देत असेल तर तो कुठल्या शिवारातला, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानदार बहुतेक वेळा याचं उत्तर देऊ शकत नाही. त्याच्याकडे माल दोन-तीन हातांतून आलेला असतो. पिशवीवर पॅक करणाऱ्याचा पत्ता आणि परवान्याचा 14 अंकी क्रमांक असतो. शेताचा पत्ता नसतो. शेतकरी मात्र वाण, खत, कापणीचा दिवस, सगळं सांगतो, आणि पुढच्या वर्षीही त्याच बांधावर भेटतो. माझा कौल त्याच्याच बाजूने आहे.

त्याची किंमतही सांगायला हवी. वर्षाचे पैसे एकदम मोजावे लागतात, भाड्याच्या दोन खोल्यांत पोती ठेवायला जागा लागते, आणि गिरणीतून काढलेल्या तांदळाला कीड लवकर लागते. यावर जुनी युक्ती अशी की तांदूळ घेऊच नका, टरफलासकट भात घ्या. उन्हात चांगलं वाळवून ठेवलं की ते टिकतं. लागेल तसं गिरणीतून काढून आणा. फार पॉलिश करू नका असं गिरणीवाल्याला बजावलं तर कोंड्यातलं ब जीवनसत्त्वही पोटात जातं. नव्या तांदळाला पाणी कमी घाला, नाहीतर त्याचा गोळा होतो. दोनच माणसं असाल आणि जागा नसेल तर दुकानातून महिन्याचा आणा, त्यात कमीपणा नाही.

गुळाचं गणित वेगळं. इथे फसवतो तो रंग. पिवळाधमक, जवळजवळ पांढरा गूळ म्हणजे चांगला, असं आपणच बाजाराला शिकवलं, आणि तो रंग आणायला काहिलीत हायड्रॉस हे रंग उडवणारं गंधकयुक्त रसायन टाकलं जातं. गंधकाच्या अंशाला कायद्याने मर्यादा घातली आहे, दर दहा लाख भागांत 70, पण डोळ्यांना ती कुठे दिसते? हिवाळ्यात निपाणी-संकेश्वरकडे जाणं झालं तर गुऱ्हाळावर थांबा. मळी काढायला रानभेंडी वापरता का, हे गुळव्याला विचारा आणि तांबूस-काळपट ढेप मागा. ते जमत नसेल तर दुकानात निदान सर्वांत उजळ गूळ टाळा.

भाजीच्या बाबतीत मात्र मी जवळची ती चांगली असं म्हणणार नाही. शहराचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून वाहतं, आणि भाजीला ते पाणी दिलेलं नाही ना, याची चौकशी न करता पालक-कोथिंबीर घेणं मला पटत नाही. बुट्टी घेऊन बसलेल्या मावशीला गाव विचारा, कानडी बोलणारी असेल तर ‘यावूरु?’ म्हणा, मग पाणी विहिरीचं की नाल्याचं, तेही विचारा. रागावत नाहीत, उलट खुलून सांगतात. पश्चिम भागातल्या तांबड्या मातीतली रताळी नवरात्रात येतात, ती डोळे मिटून घ्या.

‘सेंद्रिय’ शब्दासाठी जादा पैसे मोजताना पुड्यावर जैविक भारतची, म्हणजे सरकारमान्य सेंद्रिय प्रमाणपत्राची, खूण पाहा. स्वतः पिकवून थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला या प्रमाणपत्रातून सूट आहे, त्यामुळे खूण नाही म्हणून त्याला खोटा ठरवू नका. त्याचं शेत बघून या.

तेल मात्र बंद पुड्यातलंच घ्या. सुटं खाद्यतेल विकायला 2011 पासूनच नियमाने बंदी आहे, भेसळ खात्रीने ओळखणं घरी शक्य नाही.

भाचीने शेवटी येळ्ळूरहून एकच पोतं भात आणलं आणि उरलेला तांदूळ महिन्याच्या महिन्याला दुकानातून आणायचं ठरवलं. पहिल्या दिवशी भात शिजला तेव्हा शेजारच्या वहिनी वासाने दारात आल्या होत्या, कुठल्या शिवारातला म्हणून विचारायला.