ऑनलाइन डाएटिशियन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझा एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ६.३ आला तेव्हा डॉक्टरांनी लगेच गोळी सुरू केली नाही, आधी आहार सुधारा म्हणाले. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. आमच्या बार्शीत मनासारखं कुणी सापडेना, म्हणून पुण्यातल्या एका डाएटिशियन मॅडमचं तीन महिन्यांचं ऑनलाइन पॅकेज घेतलं आणि नंतर ते वाढवलं. पैसे भरायच्या आधी मला जे कळायला हवं होतं ते इथे लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी: डाएट चार्टसाठी पैसे देऊ नका. तो कुठेही मिळतो. एका ॲपवरून मला आधी एक आलाच होता. त्यात किनोआ आणि ॲव्होकॅडो, आमच्या बाजारात दोन्ही मिळत नाहीत. पैसे वसूल होतात ते पुढच्या कॉल्समध्ये, चार्ट तुमच्या घरात चालत नाही हे ऐकून तो बदलणाऱ्या माणसामुळे.

सुरुवातीला एक मोठा फॉर्म भरून घेतात. रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधं, झोप, पाळी, घरात स्वयंपाक कोण करतं, किराणा कोण आणतं. तो फॉर्म नीट वाचला जातो की नाही हे पहिल्याच कॉलला कळतं. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो थायरॉईडच्या गोळीबद्दल. ती आणि कॅल्शियमची गोळी मी सकाळी एकत्रच घेत होते. कॅल्शियममुळे थायरॉईडचं औषध नीट शोषलं जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं, तुमच्या डॉक्टरांना विचारून वेळ बदला, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनीही दुजोरा दिला. विश्वास बसला तो तिथेच.

मग म्हणाल्या, "ताई, फोन घेऊन स्वयंपाकघरात चला." मी आमटी घेते त्या वाटीत मापाने पाणी ओतायला लावलं, तर ती २०० मिलिलिटरची निघाली, चार्टमधली वाटी १५० ची. भाकरीच्या पिठाचं वजन करून घेतलं. तेलाचा पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो, हे विचारलं. महिनाभर, माणसं चार. म्हणजे माणशी रोज चाळीस ग्रॅमच्या आसपास, आणि बैठं काम करणाऱ्या बाईला वीसेक ग्रॅम पुरे. दवाखान्यात खुर्चीवर बसून मी "तेल बेताचंच वापरतो" असंच सांगितलं असतं, आणि ते मला खरंही वाटत होतं. व्हिडिओ कॉलचा खरा फायदा मला हाच वाटतो.

प्रथिनांचाही असाच हिशेब झाला. किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम लागतात. माझं वजन ६८, म्हणजे ५६ ग्रॅम. आठवडाभर जेवणाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, त्यावरून अंदाज निघाला जेमतेम ३५ चा. आम्ही शाकाहारी, आणि आमटी पातळ. उपाय मात्र घरातलेच निघाले: आमटीत डाळ वाढवायची, संध्याकाळच्या चहासोबतच्या खारीऐवजी हुलग्याचं माडगं, रोज मटकी किंवा मुगाची उसळ, दुपारी दही. शेंगाचटणी बंद नाही केली, फक्त वरून तेल घ्यायचं नाही.

सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. सूनबाईची भाकरी बंद होणार या काळजीने एका कॉलला त्या शेजारीच येऊन बसल्या. मॅडम म्हणाल्या, "आजी, भाकरी चालू आहे, दोनाची दीड केलीय. तुम्ही उसळ तेवढी जास्त वाढा." त्या दिवसापासून ताटातल्या उसळीवर आईंचं बारीक लक्ष असतं. दुसरा पेच एकादशीचा. बार्शी भगवंताचं गाव, आमच्याकडे एकादशी मोडत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाच. म्हणून आता लहान वाटीभर भगर, दाण्याची आमटी आणि दही. उपवास सोडा असं मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत.

मर्यादाही आहेत. वजन आणि कमरेचं माप आपणच घ्यायचं, टेप थोडा वर-खाली धरला की आकडा बदलतो. पायावरची सूज, त्वचा, थकवा कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. पाठपुराव्याचे कॉल पंधरा-वीस मिनिटांचे, त्यात रेंज गेली की निम्मा वेळ "ऐकू येतंय का" मध्ये जातो. मूत्रपिंडाचा आजार किंवा गुंतागुंतीचं गरोदरपण असेल तर फक्त ऑनलाइनवर राहू नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि डाएटिशियन औषधं बदलायला लागली तर तिथेच थांबा, ते तिचं काम नाही.

पदवी विचारायला संकोच करू नका. न्यूट्रिशन-डायटेटिक्समधली एम.एस्सी. आहे का, इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डाएटिशियन) परीक्षा झाली आहे का, हे सरळ विचारा. सोशल मीडियावर चार आठवड्यांचा कोर्स करून सल्ला देणारे पुष्कळ आहेत. पावडरीचा डबा विकायला लागणाऱ्यांपासूनही लांब राहा.

पहिल्या महिन्यात वजन छान उतरलं, मग दिवाळीच्या आसपास हलेचना. तेव्हा मॅडमनी आकड्याऐवजी कंबर मोजायला लावली, ती कमी होत होती. एचबीए१सी घाईने करू नका; त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. माझा आता ५.९ आहे. अजून उंबरठ्यावरच, पण दिशा बदलली याचं मला फार समाधान आहे.

एक गोष्ट मात्र जमलेली नाही. ह्यांचं दुकान रात्री नऊला बंद होतं आणि आम्ही सगळे एकत्रच जेवतो. मी साडेसातला जेवावं असं मॅडमचं म्हणणं, मला एकटीने जेवायचं नाही. सध्या साडेसातला उसळ आणि काकडी, नऊनंतर सगळ्यांसोबत अर्धी भाकरी आणि भाजी असं करून बघतोय. पुढच्या कॉलला हाच विषय आहे.