नट चढला म्हणून लेथ घेऊ नका: आटे पाडून दाखवताना होणारी फसवणूक

सोलापुरात मागाच्या दुरुस्तीची कामं करणारे बरेच जण हल्ली स्टड, आटे पाडलेले रॉड घरीच करावेत म्हणून छोटा लेथ (रॉड फिरवत ठेवून कापायचं मशीन) शोधतात. नवा परवडत नाही, मग जुना बघतात. याच घाईचा फायदा घेऊन 42,000 रुपयांना विकलेल्या एका मशीनची ही हकीकत आहे. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही. युक्ती नीट समजली तर नावाची गरजही पडणार नाही, कारण ती कुठेही, कुणीही करू शकतो.

मशीन बाहेरून चांगलं होतं. बेडवर गंज नव्हता, चक घट्ट, मोटर गुळगुळीत चालणारी. हेडस्टॉकच्या झाकणावर चेंज गिअरचा तक्ता लावलेला, म्हणजे कोणत्या आट्याला कोणते गिअर लावायचे ते, त्यात 0.5 पासून 2 मिलिमीटरपर्यंतचे सगळे पिच (दोन शेजारच्या आट्यांमधलं अंतर). विकणाऱ्याने समोर 10 एमएमच्या रॉडवर आटे पाडले, खिशातून नट काढला आणि फिरवून टोकापर्यंत नेला. "दहाचा आटा, दीडचा पिच. बघा, कसा पळतोय." तिथेच सौदा झाला, निम्मे पैसे फोनवरून गेले, उरलेले मशीन टेंपोत चढवताना.

दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर, त्याच तक्त्याप्रमाणे गिअर लावून आटे पाडले. दुकानातून आणलेला 10 एमएमचा नट दोन फेरे फिरला आणि अडकला. पाना लावला तर आटेच सोलून निघाले.

कारण लीड स्क्रूत होतं, म्हणजे आटे पाडताना टूल पुढे सरकवणाऱ्या लांब स्क्रूत. या वर्गातले छोटे लेथ दोन प्रकारचे मिळतात: एकाचा लीड स्क्रू मेट्रिक, 1.5 मिलिमीटर पिचचा. दुसऱ्याचा इंची, म्हणजे इंचात 16 आटे, पिच 1.5875. हे मशीन इंची होतं. मूळ तक्ता खरवडून त्यावर मेट्रिक मशीनच्या तक्त्याची झेरॉक्स चिकटवली होती. नखाने कोपरा उचलला तर खाली जुन्या गोंदाचे पिवळे डाग दिसले. त्या तक्त्याप्रमाणे "1.5" लावलं की प्रत्यक्षात 1.5875 चा आटा पडतो. एका आट्यामागे फरक 0.0875 मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण साधा 10 एमएमचा नट 8 मिलिमीटर जाड असतो, त्यात पाच आटे धरतात. पाच आट्यांत फरक साठून 0.44 मिलिमीटर होतो, आणि नट तिथे चढूच शकत नाही.

मग समोर दाखवताना कसा चढला? इथे खरी लबाडी आहे, आणि ती ओळखता आली पाहिजे.

पहिली गोष्ट, तो नट पूर्ण जाडीचा नव्हता. चेक नट होता, म्हणजे पातळ, 5 मिलिमीटर जाडीचा. त्यात तीनच आटे धरतात, म्हणून फरक 0.26 वर येतो. दुसरी गोष्ट, आटा मुद्दाम खोल पाडला होता. 10 एमएम, दीड पिचच्या बाहेरच्या आट्याची खोली 0.6134 गुणिले 1.5, म्हणजे 0.92 मिलिमीटर असते. त्याने आणखी पाव मिलिमीटरच्या आसपास आत नेलं. 60 अंशांच्या आट्यात रॉड असा बारीक केला की नटाला आडवी जागा मिळते आणि चुकीचा पिचही खपून जातो. नट पळतो, कारण तो सैल आहे!

याची खूण हाताला लागते. बरोबर पाडलेल्या दीडच्या आट्याच्या शेंड्यावर सुमारे 0.19 मिलिमीटर सपाटी राहते. बोट फिरवलं तर बोचत नाही. खोल पाडलेल्या आट्याचे शेंडे ब्लेडसारखे होतात, बोटावर ओरखडा उठतो. नट धरून हलवला तर डुगडुगतो. असा स्टड मागावर लावला तर सगळा भार टोकाच्या एकाच आट्यावर येतो, बाकीचे नुसते शोभेला. त्यात मूळचा रॉड आतून बारीक झालेला. मागाच्या हादऱ्यात तो ढिला पडेल किंवा तुटेल, आणि तुटताना शेजारी कोण उभं असेल ते सांगता येत नाही. म्हणून ही केवळ पैशांची फसवणूक मानू नये.

पैसे देण्याआधी दोन मोजमापं स्वतः घ्या. दोन्हींना मिळून दहा मिनिटं पुरतात.

पहिलं लीड स्क्रूचं. चिंधीने पुसून घ्या, व्हर्निअरने एका शेंड्यापासून मोजायला सुरुवात करा आणि 20 आटे सोडून एकविसाव्या शेंड्यापर्यंत जा. 30 मिलिमीटर भरलं तर मेट्रिक, 31.75 भरलं तर इंची. पावणेदोन मिलिमीटरचा फरक साध्या स्टील पट्टीवरही लपत नाही.

दुसरं ओरखड्याचं. रॉड 9.9 मिलिमीटरपर्यंत टर्न करून (लेथवर बारीक करून) घ्या, त्यावर मार्करने रंग फासा. टूल टेकवून क्रॉस स्लाईडचा (टूल आतबाहेर नेणाऱ्या भागाचा) डायल शून्यावर आणा, फक्त 0.05 आत न्या आणि 40 मिलिमीटर लांबीवर एकच पास (टूलची एक खेप) घ्यायला सांगा, मशीन मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या आत ठेवून. रंगावर बारीक रेघा उठतील. पहिल्या रेघेपासून एकविसाव्या रेघेपर्यंतचं अंतर मोजा: दीडच्या पिचला 30 यायलाच हवं. अजून खोली नाही, नट नाही, त्यामुळे लपवायला जागाच उरत नाही. विकणारा या पासला तयार नसेल तर तिथून उठा.

नट नेहमी आपला न्या, पूर्ण जाडीचा. सोलापुरात हे जास्तच पाळावं, कारण जुन्या मागांचे बोल्ट सुतांच्या मापाचे असतात आणि तीन सुताचा नट प्रत्येक टेबलावर पडलेला असतो. तीन सूत म्हणजे 9.525 मिलिमीटर, इंचात 16 आटे, कोन 55 अंश. रॉड थोडा बारीक टर्न केला की इंची लीड स्क्रूच्या आट्यावर तो छान बसतो आणि "दहाचा" म्हणून दाखवला जातो.

गिअर मोजून घ्या. डब्यात आकडे लिहिलेले असले तरी दात स्वतः मोजा. मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) 1 चा गिअर असेल तर बाहेरचा व्यास दातांच्या संख्येपेक्षा 2 मिलिमीटर जास्त येतो, म्हणजे 60 दातांचा 62 भरला पाहिजे. प्लास्टिकच्या गिअरच्या दातांच्या मुळाशी पांढरी रेघ दिसली तर तो तडकलेला आहे. हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा, उघडझाप होणारा नट) बंद करून कॅरेज, म्हणजे टूल धरून सरकणारा भाग, हाताने पुढेमागे ढकलून बघा. एक मिलिमीटर खेळत असेल तर हाफ नट झिजलाय.

सोबत फुकट म्हणून दिलेल्या एचएसएसच्या (हाय स्पीड स्टील, टूल करायचं पोलाद) तुकड्यांवर भाळू नका. ग्राइंडरला लावा: एचएसएसची ठिणगी मंद, तांबूस, तुरळक उडते. पांढऱ्या फुलबाजीसारखी फुटली तर ते साधं कार्बन स्टील आहे, निळं पडेपर्यंत तापलं की धार गेली.

पावतीवर "लेथ 1 नग" एवढंच लिहून घेऊ नका. लीड स्क्रूचा पिच आणि गिअरच्या दातांची यादी लिहून सही घ्या. दुकानदाराकडून घेतलेलं मशीन असेल तर 1915 या हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेलं मशीन व्यापारी वापराच्या नावाखाली बाद होत नाही.

इंची मशीन गळ्यात पडलंच असेल तर ते फेकू नका. अचूक रूपांतराला 127 दातांचा गिअर लागतो, पण मॉड्यूल 1 मध्ये तो 129 मिलिमीटरचा होतो आणि या झाकणात बसत नाही. त्याऐवजी 37 आणि 47 दातांचे दोन गिअर पाडून घ्या. बोअर (मधलं भोक) आणि चावीच्या खाचेचं माप आपल्या मशीनवरून द्या. चालवणारे 60 आणि 37, चालणारे 50 आणि 47 असे लावले की पिच 1.4997 येतो, आणि पूर्ण जाडीचा नट हाताने चढतो. मेश जुळत नसेल, म्हणजे दात एकमेकांत नीट बसत नसतील, तर 60 आणि 37 ची आपापसात अदलाबदल करा, पिच तोच राहतो. मात्र आटे पूर्ण होईपर्यंत हाफ नट उघडायचा नाही. प्रत्येक पासनंतर टूल बाहेर घ्या, मोटर उलटी फिरवून कॅरेज मागे आणा, मग पुढचा पास.