कडेला राहिलेले रूळ : दादरच्या एका स्टुडिओत करून घेतलेले जुन्या फोटोंचे स्कॅनिंग

आमच्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये रेल्वेचा किंवा ट्रामचा म्हणून मुद्दाम काढलेला एकही फोटो नाही. पणजोबा बी. बी. अँड सी. आय. म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत कारकून होते, मोठे काका गोदीत नोकरीला होते आणि आत्या लग्नाआधी दादर टी. टी.च्या जवळ राहत असे. तरीही कॅमेऱ्यासमोर उभी राहिली ती माणसे, आणि रूळ, तारा, फलाट, वाघिणी (मालगाडीचे डबे) हे सारे त्यांच्या पायाशी किंवा पाठीमागे, चौकटीच्या अगदी कडेला राहून गेले. मुंबईतून नाहीशा झालेल्या लोहमार्गांचा माग आपल्याच घरातल्या फोटोंवरून काढायचा असे ठरवले, तेव्हा या कडा स्पष्ट दिसणे ही पहिली गरज होती. त्यासाठी दादर पश्चिमेच्या एका जुन्या फोटो स्टुडिओकडे मी ४३ प्रिंट आणि १६ निगेटिव्ह स्कॅन करायला दिल्या. त्या कामाचा हा अनुभव आहे.

दर मला वाजवी वाटले. प्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन करण्यासाठी नगाला ४० रुपये आणि निगेटिव्ह २४०० डीपीआयवर स्कॅन करण्यासाठी ९० रुपये घेतले. एकूण ३,१६० रुपये झाले. टिफ आणि जेपीईजी अशा दोन्ही प्रकारच्या फाइली माझ्याच पेन ड्राइव्हवर मिळाल्या आणि काम नऊ दिवसांत झाले. अल्बमच्या काळ्या कागदावर कोपऱ्यांत बसवलेले फोटो सुटे करताना काउंटरवरच्या गृहस्थांनी जी सावधगिरी दाखवली, ती मी विसरणार नाही. जे फोटो डिंकाने घट्ट चिकटलेले होते, ते उचकटण्याऐवजी त्यांनी अल्बमचे संपूर्ण पानच काचेवर ठेवून स्कॅन केले. दोन निगेटिव्हवर बुरशी चढली होती. त्या धुऊन द्याव्यात असे मी सुचवले, तेव्हा ओलाव्याने फिल्मवरचा थरच सुटू शकतो असे सांगून त्यांनी स्पष्ट नकार दिला. पैसे मिळत असताना नकार देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो.

ज्या फोटोसाठी हा सारा खटाटोप केला, तो पणजोबांचा आहे. फलाटावर नऊ जण ओळीने उभे आहेत, बहुतेकांच्या डोक्यावर काळ्या टोप्या आहेत आणि पणजोबा डावीकडून तिसरे आहेत. घरात हा फोटो ‘चर्चगेटचा’ म्हणूनच ओळखला जात असे. स्कॅन केलेली प्रतिमा पडद्यावर मोठी करून पाहिली तेव्हा शेवटच्या माणसाच्या खांद्यामागे स्टेशनच्या नावाच्या पाटीचा अर्धा भाग दिसला, आणि इंग्रजी अक्षरांचा उच्चार जेमतेम ‘लाबा’ असा होत होता. तो फलाट कुलाब्याचा होता. आज लोकलचा शेवट चर्चगेटला होतो आणि तिच्यापुढे कधी काळी रूळ होते, हे माझ्या पिढीतील अनेकांना ठाऊक नाही, पण बी. बी. अँड सी. आय.च्या गाड्या चर्चगेटहून पुढे दक्षिणेला कुलाब्यापर्यंत जात असत. बॅकबेमध्ये भराव घालून नवी जमीन तयार करण्याची योजना पुढे सरकली, तसा हा मार्ग मागे घेण्याचा निर्णय झाला. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बांधलेले मुंबई सेंट्रल १८ डिसेंबर १९३० रोजी सुरू झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ डिसेंबरला, कुलाबा स्टेशन बंद झाले. त्यामुळे फोटोच्या मागे तारीख नसली तरी तो त्या दिवसाच्या अलीकडचा असू शकत नाही, एवढे मला आता खात्रीने सांगता येते. स्टेशनच्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. तिच्या फाटकासमोर प्रिंट हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. जुळवून पाहावी अशी एकही खूण समोर नव्हती, आणि त्या नऊ माणसांमागची अर्धी पाटी मला त्यामुळे अधिकच मोलाची वाटली.

दुसऱ्या एका फोटोने घरातली एक गोष्ट खोटी ठरवली. काळबादेवीच्या रस्त्यावरचा हा फोटो ‘घोड्याच्या ट्रामच्या काळातला’ म्हणून आजी सर्वांना दाखवत असे, आणि त्यात एक घोडा खरोखरच आहे. मुंबईत घोड्यांनी ओढलेली ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी असे तिचे पहिले दोन मार्ग होते, त्यामुळे आजीचे म्हणणे जागेच्या दृष्टीने पटण्यासारखे होते. स्कॅनमध्ये मात्र वरच्या कडेला, आकाशाच्या फिकट पट्ट्यात, रस्त्याच्या रेषेत जाणारी एक बारीक तार स्पष्ट दिसते. विजेवरची ट्राम ७ मे १९०७ पासून धावू लागली, म्हणजे फोटो त्यानंतरचाच असला पाहिजे. घोडा ट्रामचा नसून बाजूला उभ्या असलेल्या व्हिक्टोरिया घोडागाडीचा आहे. हाताच्या पंजाएवढ्या मूळ प्रिंटमध्ये भिंगाखालीही ही तार मला कधी दिसली नव्हती, आणि त्यासाठी ४० रुपये ही रक्कम फारच थोडी आहे.

आता तक्रार लिहिणे भाग आहे, कारण ती नेमकी या कडांविषयी आहे. स्टुडिओतील यंत्र प्रत्येक फोटोची चौकट आपोआप ठरवते आणि पांढरी किनार कापताना चित्राचाही थोडा भाग घेऊन जाते. दादर टी. टी.च्या चौकात आत्या आणि तिच्या दोन मैत्रिणी उभ्या आहेत, त्या फोटोत खालच्या बाजूला फरसबंदीत बसवलेल्या रुळांची जोडी दिसते. मला मिळालेल्या फाइलमध्ये तिन्ही मुली व्यवस्थित होत्या, पण त्यांच्या चपलांखालचा तो पट्टा गायब होता. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, आणि ज्या फोटोत ते नाव खरे ठरते त्याच फोटोतून ट्रामचे रूळ कापले गेले होते. मी दाखवल्यावर त्यांनी काहीही कुरकुर न करता पुन्हा स्कॅन करून दिले, जादा पैसेही घेतले नाहीत. पण मला दोन खेपा जास्त घालाव्या लागल्या, आणि मूळ प्रिंट माझ्याजवळ नसती तर काय हरवले हे मला कळलेही नसते. फोटोंच्या मागच्या बाजूही सांगितल्याशिवाय स्कॅन केल्या जात नाहीत. पेन्सिलीने लिहिलेली नावे, ठिकाणे आणि तारखा तिथेच असतात, म्हणून हे काम मुळातच दरात धरायला हवे असे माझे मत आहे.

नमुना म्हणून त्यांनी एका फोटोत रंग भरून दाखवला होता. ट्रामला लाल रंग दिला होता, झाडे हिरवीगार केली होती आणि आत्याची साडी निळी झाली होती. आत्याने तो पाहिला आणि म्हणाली, ‘‘अगं, ती साडी आईची होती, डाळिंबी रंगाची.’’ रंग भरण्याची सेवा मी घेतली नाही. ज्यांना भिंतीवर लावायला फोटो हवा आहे त्यांना ती आवडेल. ज्यांना फोटोवरून काही शोधायचे आहे, त्यांनी निदान मूळ स्कॅन जसाच्या तसा वेगळा मागून घ्यावा.

काकांच्या निगेटिव्हमध्ये शिवडीच्या बाजूला उभ्या असलेल्या वाघिणी आहेत. गोदीचा कारभार पाहणाऱ्या पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १ जानेवारी १९१५ पासून बॅलार्ड पिअर ते वडाळा या मार्गावर चालू होती आणि गोदीतला माल तिच्यावरून मुख्य मार्गांकडे जात असे. बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनात तर बोटीतून उतरलेले प्रवासी थेट मेल गाडीत बसत. काकांच्या फोटोंत ते स्टेशन नाही; वाघिणींवरची खडूने लिहिलेली अक्षरे मात्र आता वाचता येतात.

शेवटची निगेटिव्ह ३१ मार्च १९६४च्या रात्रीची आहे. बोरीबंदरहून दादरला आलेली शेवटची ट्राम पाहायला आत्या घरातल्या सगळ्यांबरोबर चौकात गेली होती आणि माझ्या वडिलांनी मित्राचा कॅमेरा मागून आणला होता. उजेड अपुरा होता, हात हलला, त्यामुळे फोटोत दिव्यांच्या तीन लांबट रेघा आणि माणसांच्या डोक्यांची एक काळी रांग एवढेच आहे. ही प्रतिमा संगणकावर तीक्ष्ण करण्याचा मोह स्टुडिओने टाळला, याबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानते. मी आत्याला तिची मोठी प्रिंट दिली, तेव्हा तिने त्या रेघांवरून बोट फिरवत ट्राम कुठून आली आणि कुठे थांबली ते सांगितले. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवत होता आणि त्या रात्री तो ती थांबवतच नव्हता, असेही तिला आठवले. पुढच्या रविवारी आम्ही टॅक्सीने त्याच चौकात गेलो. रहदारीमुळे मध्यभागी जाता आले नाही, पण पदपथावरून तिने मैत्रिणींबरोबर उभे राहण्याची जागा दाखवली. फाइलमध्ये आधी कापला गेलेला खालचा पट्टा हातातल्या प्रिंटमध्ये होता, आणि रुळांचे वळण कोणत्या रस्त्याकडे जाते ते पाहूनच तिने ती जागा ओळखली.

चुलत भावाकडे अजून २१ निगेटिव्ह आहेत. त्याही मी याच स्टुडिओकडे देणार आहे. पाकिटावर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे : कडा कापू नयेत, रंग भरू नयेत, पाकिटावरचा आणि मागचा मजकूरही स्कॅन करावा.