सातपुड्यात सोडायचं की बचाव केंद्रात सांभाळायचं?

अस्वल नाचवून पोट भरणाऱ्या दरवेशाकडून सोडवलेलं अस्वल दिसलं की खान्देशात हमखास ऐकू येतं: यावलचं अभयारण्य जवळच आहे, सोडा की तिकडं!

कठडा नसलेल्या विहिरीत पडलेल्या रानटी अस्वलाला हे लागू पडतं. १९२६ वर वनविभागाला कळवावं, गर्दी पांगवावी. त्यांचं पथक लाकडी शिडी आत सोडतं. अंधार पडला की धडधाकट अस्वल आपणच चढून रानात जातं.

नाचवलेल्या अस्वलाला मात्र रान म्हणजे उपासमार. नाकाडात तापल्या सुईनं भोक पाडून दोर ओवलेला, सुळे तोडलेले. ओठांचं नळकांडं करून, वरच्या दातांमधल्या फटीतून वाळवी ओढायचं कसब पिल्लू आईमागं फिरताना, दोनेक वर्षांत शिकतं. याची आई तर आधीच हिरावलेली. भुकेलं की ते वस्तीकडंच येणार. क्षयरोग असला तर तोही रानात नेणार.

म्हणून त्याला आजन्म केंद्रच हवं, खर्च कितीही येवो. आधी विलगीकरण आणि तपासणी. मग भूल देऊन दोर कापायचा, कुजलेली दातांची मुळं काढायची. मऊ लापशी, फळं द्यायची. ओंडक्याच्या भोकांत मध लपवायचा, कारण काम नसलं की ते तासन्‌तास एकाच जागी झुलत राहतं. आग्र्याजवळच्या केंद्रात अशी अस्वलं सांभाळली जातात.